ठिपक्यांची वाट बघू नका, कल्ले बघा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात नवा मासा आला की बहुतेक जण आधी त्याचं अंग निरखतात. पांढरे ठिपके आहेत का, पंख फाटलेत का, रंग उतरलाय का. मी आधी कल्ले बघते. व्हेल्वेट आणि इच हे दोन्ही परजीवी कल्ल्यांनाही धरतात, आणि पुष्कळदा तिथेच आधी. व्हेल्वेटने तर अंगावर काहीही न दिसता मासा गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ठिपका दिसेपर्यंत थांबायचं म्हणजे हातातला उपचाराचा वेळ घालवायचा.

पण धाप लागली म्हणजे परजीवीच, असंही नाही. लांबून आलेल्या माशाच्या पिशवीत त्याच्याच उत्सर्जनाचा अमोनिया साठलेला असतो. पिशवी बंद असते तोवर कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की हा वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले भाजायला लागतो. म्हणून उघड्या पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणं मला मान्य नाही. मी पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवते, मग उघडून खारटपणा मोजते, क्वारंटाइन टँकचं, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टँकचं, पाणी त्याच आकड्यावर आणलेलं असतं, आणि मासा सरळ आत. नेमका किती खारटपणा येणार हे विक्रेत्याला आधीच विचारून ठेवावं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाऊ देत नाही.

पहिल्या दिवसाच्या श्वासावरून मी निष्कर्ष काढत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, खाणं द्यायच्या आधी, मासा स्थिर असताना एका बाजूच्या कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते अर्धा मिनिट मोजते, दुप्पट करते, वहीत लिहिते. प्रत्येक जातीचा वेग वेगळा, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही. काल काय होता आणि आज काय आहे, यावर सगळं ठरतं. दोन्ही झाकणं सारखी हलतात का, हेही बघते. एक बाजू मिटून मासा दुसऱ्याच बाजूने श्वास घेत असेल तर मला फ्लूकची, म्हणजे अंगाला आणि कल्ल्यांना चिकटणाऱ्या चपट्या परजीवी कृमीची, शंका येते.

नुकताच आणलेला पिवळा टँग अशा वेळी समोर होता. खात होता, रंग छान होता, ठिपका एकही नाही. पण मधूनच डोकं झटकायचा, आणि एका डोळ्यावर फिकट धूर आल्यासारखं दिसत होतं. अशा वेळी मी गोड्या पाण्याचा डिप देते, म्हणजे मासा काही मिनिटं गोड्या पाण्यात ठेवते. आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी, तापमान टँकइतकंच, खायचा सोडा घालून पीएचही जुळवलेला, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू, आणि भांडं काळ्या बुडाचं. टँग आडवा झाला. टँग असे करतात, घाबरून लगेच बाहेर काढू नये; पण श्वास थांबतोय किंवा अंग ताठरतंय असं वाटलं तर मात्र क्षणभरही थांबू नये. दोन-तीन मिनिटांत त्याच्या अंगावर, जिथे आधी काहीच नव्हतं तिथे, पांढरट चकत्या दिसू लागल्या. फ्लूक जिवंतपणी पारदर्शक असतो, गोड्या पाण्यात मेला की दुधाळ होतो. पाच मिनिटांनी मासा उचलला तेव्हा काळ्या बुडावर त्या चकत्या स्पष्ट मोजता येत होत्या. डिप हे निदान आहे, पूर्ण इलाज नव्हे. इलाज प्राझिक्वांटेल या कृमीनाशक औषधाचा. औषध अंड्यांना मारत नाही, म्हणून साधारण आठवड्याने, अंडी फुटल्यावर, दुसरा डोस द्यावाच लागतो.

इच ओळखायला सोपा आणि फसवायला पटाईत. मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके येतात आणि काही दिवसांत आपोआप जातात. लोक म्हणतात, लसूण लावलेल्या खाण्याने बरा झाला. तसं नसतं. परजीवी पोट भरून माशावरून उतरलेला असतो आणि वाळूवर, दगडावर, काचेवर कवच करून आत शेकडोंनी वाढत असतो. ती पिल्लं बाहेर पडली की पुढचा हल्ला आधीपेक्षा मोठा. लसूण घातल्याने मासा आवडीने खात असेल तर जरूर घाला, पण त्याला औषध समजू नका.

व्हेल्वेटला मात्र एवढीही सवड नसते. मासा पंपाच्या झोतात तोंड घालून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो. टॉर्च तिरका धरला तर कधी अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसते, कधी दिसतही नाही. ही लक्षणं एकत्र दिसली की मी खात्री होईपर्यंत थांबत नाही, त्याच दिवशी कॉपर, म्हणजे पाण्यात घालायचं तांब्याचं औषध, सुरू करते.

कॉपर सगळ्यावर चालतं या समजुतीने फार मासे जातात. क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट थर सोलून निघाल्यासारखा लोंबत असेल तर तो बहुधा ब्रुकलिनेला हा परजीवी, त्यावर कॉपर निरुपयोगी. तिथे फॉर्मॅलिन लागतं, तेही हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून आणि टँकमध्ये हवा भरपूर सोडून. क्रोमिसच्या कुशीवर लालसर जखम दिसली तर युरोनिमा हा आणखी एक परजीवी. तो माशाशिवायही टँकमध्ये जगतो आणि त्याच्यापुढे मला अजून खूपदा हार मानावी लागते.

कॉपरचा टँक अगदी उघडाबोडका हवा. वाळू आणि दगड कॉपर शोषतात, म्हणून लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरेत. कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ यांच्यासाठी कॉपर विषच. चिलेटेड कॉपर (दुसऱ्या द्रव्याशी बांधलेलं तांबं) मी सुमारे २.५ पीपीएमवर (दहा लाख भागांत २.५ भाग) नेते, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवत, आणि मासा नाजूक असेल तर त्याहून सावकाश. मग रोज मोजून ३० दिवस तिथेच ठेवते. पातळी मध्येच खाली आली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून. आणि एक गोष्ट बाटलीवर ठळक लिहून ठेवा: कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारी द्रव्यं घालायची नाहीत, त्यांनी कॉपर एकदम जास्त विषारी होतं. अमोनिया चढला तर पाणी बदला, आणि नव्या पाण्यात तितकंच कॉपर आधी मिसळा.

रोग मुख्य टँकमध्ये शिरलाच असेल, तर फक्त आजारी दिसणारा मासा काढून भागत नाही. सगळे मासे बाहेर, आणि टँक माशांविना रिकामा. इचचं कवच ७२ दिवसांनीही फुटल्याची नोंद आहे, म्हणून मी ७६ दिवस धरते. त्या काळात प्रवाळ, गोगलगाई, कोळंबी तिथेच राहू शकतात, त्यांना खाणंही द्यावं. फक्त क्वारंटाइनची जाळी, ओला हात, नळी, यातलं काहीही त्या टँकमध्ये जाऊ देऊ नका.