ड्रेडमध्ये पट्टा न पडता रंग बदलणं: माझा अनुभव

सिंथेटिक ड्रेड्स (कृत्रिम केसांच्या, दोरीसारख्या जटा) एका रंगाचे करायचे तर मला बऱ्यापैकी जमायला लागलेलं, उलटं विंचरून गुंता करायचा, पीळ द्यायचा, वाफ द्यायची, झालं. मग हाव सुटली. म्हटलं मुळाशी मरून आणि टोकाला नारिंगी असा सेट करू. दोन रंगांच्या जुड्या घेतल्या, दोनेक इंच एकावर एक ठेवल्या आणि घातला कंगवा. जे तयार झालं ते बघून घरातून प्रश्न आला, हे दोन वेगळे तुकडे चिकटवलेत का? खोटं कसं बोलणार, तसंच होतं ते. रंग जिथे बदलतो तिथे सरळ रेघ, रेघेवर गाठीसारखा फुगवटा, आणि जरा ओढलं तर मधूनच सुटून हातात.

आधी वाटलं की कंगवा कमी पडला, अजून विंचरलं तर रंग आपोआप एकमेकांत जातील. नाही जात. उलट विंचरल्याने धागे जागच्या जागी अडकतात, ते पुढेमागे सरकत नाहीत. म्हणजे रंगाचं जे काही करायचं ते गुंता करायच्या आधीच, मोकळ्या धाग्यात. हे कळायला मला अख्खा एक सेट कचऱ्यात टाकावा लागला.

आणि डाय करून सुटका नाही. या ड्रेड्सचा धागा म्हणजे कानेकॅलॉन (जपानच्या कानेका कंपनीचा, १९५७ पासून बनतोय), हा मोडॅक्रिलिक नावाचा कृत्रिम धागा, रंग धाग्यातच असतो, केसांचा नेहमीचा डाय त्यावर धरत नाही. मधली शेड हवी तर ती धागे मिसळूनच करायची.

खरी गोष्ट आहे टोकांची. जुडी कापलेली असते तेव्हा सगळे धागे एकाच लाइनीत संपतात आणि तीच लाइन नंतर पट्टा म्हणून दिसते. तर जुडी दोन हातात धरायची, हळूहळू ओढून दोन भाग वेगळे करायचे, एकावर एक ठेवायचे, परत ओढायचं. असं आठ-दहा वेळा केलं की टोकं झिजलेल्या ब्रशसारखी विरळ होत जातात, कोणी इथे संपतं कोणी चार इंच पुढे. याला फेदरिंग म्हणतात. दोन्ही रंगांना हे करायचं आणि मग विरळ भाग एकमेकांवर सहा-सात इंच चढवायचे. एक रंग जिथे कमी होतो तिथे दुसरा वाढतो, त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी राहते आणि तो फुगवटा गायब! सुटून येणंही थांबलं कारण जोड असा एका जागी राहतच नाही. हे करताना धागे स्टॅटिकने अंगाला चिकटतात, पाण्यात थोडं फॅब्रिक कंडिशनर घालून स्प्रे मारला की शांत बसतात.

दुसरा सेट मी जांभळा ते हिरवा केला, फेदरिंग एकदम मस्त, आणि तरी मधला भाग धुळकट राखाडी. इथे रंगपेटीतलं गणित चालत नाही. जलरंगात निळा-पिवळा मिसळला की हिरवा मिळतो, इथे धागे मिसळत नाहीत, नुसते शेजारी बसतात आणि लांबून डोळा त्यांची सरासरी काढतो, मग विरुद्ध रंग असले की मळका दिसतो. उपाय सोपा निघाला, मधे तिसरा रंग टाकायचा. जांभळा, निळा, मोरपंखी, हिरवा. प्रत्येक उडी लहान. मरून-नारिंगीला मधे लाल घातला तेव्हा कुठे तो सेट जमला.

अजून एक गोष्ट, रंगापेक्षा गडद-फिकट जास्त दगा देतं. आता मी जुड्या शेजारी ठेवून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढते, त्यात जिथे उडी दिसते तिथे ड्रेडवर पट्टा दिसणारच, मग तिथे एक पायरी वाढवायची. हे दिवसाच्या उजेडात करायचं. रात्री पिवळ्या बल्बखाली जमलेलं ब्लेंड मी सकाळी बघून डोक्याला हात लावलाय.

लांबीचाही हिशोब असतो. गुंता केल्यावर ड्रेड आखडतो, माझा २४ इंचाचा धागा १७-१८ वर येतो, म्हणजे सहा इंचाचं ब्लेंड साडेचारच उरतं. त्यामुळे मोकळ्या धाग्यात ते जरा जास्तच लांब वाटेल असं करायचं. डबल एंडेड (मधे दुमडून दोन्ही टोकं खाली सोडलेला) ड्रेड असेल तर मधल्या दुमडीपासून दोन्हीकडे सारखं मोजायचं, नाहीतर डोक्यावर एक टोक वर बदलतं, एक खाली.

पण अगदी मोजूनमापून सगळे सारखेच केले तरी घोळ! मी एकदा पन्नासच्या पन्नास ड्रेड्समध्ये रंग बरोबर एकाच उंचीवर बदलला, प्रत्येक सुटा ड्रेड सुंदर, आणि घातल्यावर डोक्याभोवती आडवी रेघ. आता काही एक इंच वर घेते काही एक इंच खाली. मात्र सगळ्या सेटच्या जुड्या आधी मिसळून ठेवते आणि मगच कंगवा हातात घेते, कारण रोज थोडं थोडं मिसळलं की सोमवारचा लाल आणि गुरुवारचा लाल वेगळा येतो.

वाफ शेवटी. वाफ दिली की धागा आहे तसा बसतो, मग ब्लेंड दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी पीळ देऊन चहूबाजूंनी बघून घ्यायचं. हातमोजे घालाच, वाफेचा चटका फार वाईट. घाईत मी एकदा स्ट्रेटनर फिरवला तर धागा वितळून प्लॅस्टिकसारखा चकचकीत कडक झाला, तेही नेमका सगळ्यात छान जमलेल्या ब्लेंडवर.

सध्या टेबलावर काळा ते सोनेरी पडलाय. मधे गडद तपकिरी, मध्यम तपकिरी, मधाळ अशा तीन पायऱ्या घेतल्यात, तरी मध्यम तपकिरीपाशी फोटोत अजून पट्टा दिसतोय, म्हणजे बहुतेक तिथे चौथी घालावी लागणार.