विहिरीतल्या मोटारीपासून समुद्रातल्या जहाजापर्यंत : आमची वाटचाल

आमची सहल-संस्था चोपडा तालुक्यातील असून ती भुसावळहून गोव्यात बुडालेल्या जहाजापर्यंत माणसे नेते, हे ऐकल्यावर तापीकाठच्या लोकांचा समुद्राशी काय संबंध, असे आम्हाला आजही विचारले जाते. हा संबंध विहिरीतून आला आहे.

माझा आणि माझे भागीदार मिस्त्री यांचा मूळ धंदा विहिरीत पडलेल्या पाण्याच्या पंपाच्या मोटारी काढण्याचा होता. केळीच्या बागेला पाण्याची एक पाळी चुकली तरी घड बारीक राहतो, त्यामुळे निरोप आला की रात्री-अपरात्री निघावे लागे. काठावर तिकाटणे, म्हणजे तीन पायांचा घोडा, रोवून त्याला चेन-पुली अडकवायची, मिस्त्रींनी वर साखळी सांभाळायची आणि मी दोर घेऊन बुडी मारायची, अशी आमची वाटणी होती. मिस्त्रींनी गाडीच्या पाट्यापासून स्वतः घडवलेला चार नखांचा गळ आजही आमच्या कार्यालयात टांगलेला आहे. त्याच्या एका नखाला जे वळण आहे, ते बाजारातल्या गळाला मी कधी पाहिले नाही.

एका केळी बागायतदारांची मोटार आम्ही तीन वेळा काढली. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्या मुलाच्या आग्रहावरून मी, मिस्त्री आणि आप्पा गोव्याला गेलो आणि मुरगाव बंदराजवळच्या ग्रँड बेटापाशी प्रथमच पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्यात उतरलो. विहिरीत मी दम कोंडून दीड मिनिट राहत असे, आणि टाकी घेतल्यावर नेमकी तीच सवय घातक ठरते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेली हवा कोंडून माणूस वर आला, तर ती फुप्फुसात फुगते आणि इजा करते. त्यामुळे श्वास एकसारखा चालू ठेवायचा, हा पहिला धडा मला लहान मुलासारखा गिरवावा लागला. आप्पा मात्र शांतपणे खाली गेले. वर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "पानी तेच शे भाऊ, फक्त खारं शे." त्याच संध्याकाळी सहलीचा धंदा करायचे ठरले, आणि पहिल्या तुकडीची आगाऊ रक्कम आप्पांनीच दिली.

आमच्या मुख्य दिवसाची आखणी आम्ही दोन हंगाम चुका करत बसवली. सकाळी ग्रँड बेटाजवळ 'सुझीज रेक' या नावाने ओळखले जाणारे बुडालेले जहाज पाहायचे. तिथे पाणी गढूळ असते आणि बहुतेक दिवशी पाच-सहा मीटरच्या पुढचे दिसत नाही, त्यामुळे शिंपल्यांनी मढलेला लोखंडी पत्रा धुक्यातून आल्यासारखा एकदम समोर येतो आणि त्याच्या आडून माशांचा थवा वळतो. दुपारी जुन्या गोव्यात 1605 मध्ये पूर्ण झालेले बॉम जीझसचे चर्च पाहायचे. तेथून फेरीबोटीने दिवाडी बेट ओलांडून नार्वे गाठायचे. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे मंदिर तिथे आहे. मूळ देवस्थान पोर्तुगिजांनी दिवाडीवर पाडले होते. ज्या पाण्यावरून देव पलीकडे नेला, त्याच पाण्यावरून आपणही जावे, म्हणून आम्ही पुलाचा रस्ता घेत नाही. रात्री पणजीत हुमण, तळलेला इसवण आणि सोलकढी, तर शाकाहारी मंडळींसाठी खतखते असते.

हीच आखणी आमच्याच भागातील एका सहलवाल्याने उचलली. आमच्या पत्रकातील वाक्ये, जेवणाचे ठिकाण, एवढेच काय, मी स्वतः काढलेले गळाचे छायाचित्रसुद्धा त्याने छापले, नावात एका अक्षराचा फरक ठेवला आणि दर बराच कमी लावला. नार्वे त्याने वगळले होते. सर्दी असलेल्या पाहुण्याला पाण्यात उतरवायचे नाही आणि त्याचे पैसे परत करायचे, हा आमचा नियमही त्याने सोडून दिला. सर्दीने नाक-कानातली वाट बंद असली की खाली जाताना कानातला दाब सारखा होत नाही. त्याच्या एका पाहुण्याच्या कानाचा पडदा अशाच बुडीत फाटला. नावे सारखी असल्यामुळे बोभाटा आमचा झाला. पंधरा दिवसांत आमच्या तीन तुकड्या रद्द झाल्या, होड्यांचे आगाऊ दिलेले पैसे बुडाले, आणि ज्या पिकअपमधून आम्ही तिकाटणे वाहिले होते, ती विकावी लागली. मिस्त्री तिला पोचवायला स्वतः गेले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्या हंगामात आप्पांनी भावकीतले अकरा जण आणले म्हणूनच आमचे दार उघडे राहिले. पुढची सहा वर्षे बरी गेली.

जाणाऱ्यांनी, आमच्याकडून जा अथवा न जा, काही गोष्टी पाळाव्यात. मिशा असतील तर वरच्या ओठावर व्हॅसलीन लावावे, नाहीतर मास्कमध्ये पाणी शिरत राहते. दर मीटरला नाक दाबून कान मोकळे करावेत, कान दुखण्याची वाट पाहू नये. टाकीत साधारण 200 बार (बार हे दाबाचे माप) दाबाची हवा असते, त्यातली 50 बार उरेपर्यंत वर आलेले असावे. एकापेक्षा जास्त बुड्या झाल्या असतील तर विमानाआधी किमान 18 तास जाऊ द्यावेत. आम्ही दुसऱ्या दिवशी वास्कोहून गोवा एक्सप्रेसने थेट भुसावळला येतो, त्यामागचे एक कारण हेही आहे.

कान फाटलेले ते गृहस्थ गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयात आले होते. त्यांनी गळाकडे बोट दाखवून, हा तर त्या पत्रकातला, असे म्हटले. मिस्त्रींनी तो खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिला आणि कोणत्या विहिरीसाठी कोणते नख वाकवले होते, ते त्यांना एकेक करून सांगितले. त्या सहलवाल्याकडून मात्र आजवर आम्हाला एक शब्द आलेला नाही.