तुम्ही विचारलेत म्हणून: ती रायफल मी का विकली

पॉइंट टू-टूची (५.६ मिलिमीटर गोळीची) कोणती बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची, रायफल घेऊ आणि तिच्यावर कोणता स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावू, असे विचारणारे बहुतेक जण थोड्या वेळाने दुसरा प्रश्न काढतात: तुमची पहिली रायफल खराब होती का? मी गप्प राहिले की उत्तर लपवते आहे असे त्यांना वाटते. मी काहीही लपवत नाही. पण या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि ते दिल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, म्हणून एकदा सगळेच लिहून ठेवते.

मी बोलते आहे ते ५० मीटरवर, टेकूवरून, स्कोप लावून केलेल्या नेमबाजीबद्दल. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांना यातले निम्मे निरुपयोगी आहे.

रायफलीबद्दल थोडक्यात सांगते. सीझेड ४५७, टिक्का टी१एक्स किंवा आन्शुट्झची ६४ अ‍ॅक्शन यांपैकी कोणतीही धडधाकट रायफल नवशिक्याच्या हातापेक्षा अचूक असते. ट्रिगर हलका आणि दर वेळी सारख्याच वजनावर सुटणारा हवा, बॅरल थोडी जाड असली तर टेकूवर रायफल स्थिर बसते. यापलीकडे माझ्याकडे नावांची यादी मागू नका. ज्या गोष्टीकडे मी स्वतः दोन हंगाम पाहिलेच नाही, ती म्हणजे स्टॉकची, म्हणजे गाल आणि खांदा टेकवायच्या दस्त्याची, उंची आणि स्कोपचे पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की फुली (स्कोपमधली नेमाची खूण) टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसणे.

माझी पहिली रायफल स्कोपशिवाय, बॅरलवरच्या उघड्या साइट्सवर नेम धरण्यासाठी घडवलेली होती. तिच्या स्टॉकवर गाल टेकला की डोळा साइट्सच्या रेषेत येई. स्कोप लावल्यावर मात्र ती रेषा काही सेंटीमीटर वर गेली, आणि मला गाल उचलून, हनुवटीच्या आधाराने डोके अधांतरी धरून पाहावे लागे. मला त्याची सवय झाली, आणि सवय झाल्यामुळे ते बरोबर आहे असे मी धरून चालले. स्कोप चांगल्या काचेचा होता, पण मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी बनवलेला. त्याचे पॅरॅलॅक्स कारखान्यातच १०० मीटरला बांधलेले होते, म्हणजे फुली न सरकण्याचे अंतर तेवढेच होते.

एकाच नेमावर सोडलेल्या पाच गोळ्यांच्या ग्रूपमधल्या चार एकमेकींना चिकटून बसत आणि पाचवी बाहेर जाई. दोन हंगाम हे चालले. मी बॅरल घासली, स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने पुन्हा आवळले, स्कोप धरून ठेवणारे माउंट बदलले. मग हंगामातली शेवटची स्पर्धा आली, पंचवीस गोळ्या, अडीचशे गुण. त्या दिवशी वारा जवळजवळ नव्हता. पहिल्या अठरा गोळ्या दहात गेल्या, आणि एकोणिसावी मी अगदी तशीच सोडली असताना उजवीकडे नऊत गेली. विसावी, एकविसावी पुन्हा दहा. बाविसावी नऊ, तेविसावीही नऊ. मला आठवते की तेविसाव्या गोळीनंतर मी बोल्ट उघडा ठेवून बराच वेळ नुसती कागदाकडे पाहत बसले, आणि दोष बॅरलचाच आहे हा निर्णय माझ्या मनाने तिथेच घेतला. शेवटच्या दोन गोळ्या मी रागात सोडल्या. त्या कुठे गेल्या ते सांगण्यासारखे नाही.

महिन्याभरात मी ती रायफल आमच्याच रेंजवरच्या एका तरुणाला विकली. बॅरल भरवशाची नाही हे मी त्याला स्पष्ट सांगितले आणि किंमतही त्याच हिशेबाने कमी घेतली. फसवले नाही, एवढे समाधान मला होते. काही आठवड्यांनी त्याने मला एक टार्गेट दाखवले. पाचही गोळ्या एका लांबट छिद्रात होत्या. तो बढाई मारायला आला नव्हता. त्याने चाचरत विचारले, “ताई, तुमच्या स्कोपचं पॅरॅलॅक्स किती अंतरावर होतं?”

घरी जाऊन मी तो जुना स्कोप वाळूच्या पिशवीवर घट्ट बसवला, साधारण ५० मीटरवरच्या एका खुणेवर रोखला आणि त्याला हात न लावता डोके थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे नेले. फुली खुणेवरून सरकत होती. याचा हिशेब साधा आहे आणि तो मी आधी करू शकले असते. पुढची काच ४० मिलिमीटरची, पॅरॅलॅक्स १०० मीटरला आणि टार्गेट ५० मीटरवर असेल, तर डोळा काठाशी गेल्यावर नेम १० मिलिमीटरपर्यंत चुकतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे गोळीचा मध्य ८ मिलिमीटरपलीकडे गेला की दहा हुकतो. भरीस भर म्हणजे मी झूम पूर्ण वाढवून ठेवत असे. झूम वाढले की डोळ्याकडे येणारे प्रकाशाचे वर्तुळ आकसते, आणि मग डोके एखाद-दोन मिलिमीटर हलले तरी डोळा त्या काठाशी पोहोचतो.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे रायफल चांगली होती. तेव्हाची मी इथे हरकत घेते, आणि तिची हरकत मला खोडता येत नाही. डोके अधांतरी राहिले ते स्टॉक खाली होता म्हणून. ज्या स्टॉकवर स्कोप लावून गाल टेकत नाही, ती रायफल या कामासाठी चांगली कशी म्हणायची? त्या तरुणाने पहिल्याच दिवशी स्टॉकवर गालासाठी जाड पॅड बांधले होते. शिवाय त्याची काडतुसे वेगळी होती. मी हाय व्हेलॉसिटी वापरत असे. ती गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येताना डळमळू शकते. तो सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाची स्टँडर्ड वापरत होता. पॉइंट टू-टूचे रिमफायर काडतूस घरी भरता येत नाही, त्यामुळे बॅरलला मानवणारा लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला काडतुसांचा गट, शोधणे एवढेच आपल्या हातात असते, आणि मी तो कधी शोधलाच नाही.

नवी रायफल घेताना मी स्टॉक, स्कोप आणि काडतुसे ही तिन्ही एकदम बदलली. माझे ग्रूप सुधारले, पण कशामुळे, ते सांगण्याचा हक्क मी त्याच दिवशी गमावला. म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी इतकेच सांगते की आधी स्कोप लावून, डोळे मिटून गाल टेका, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण आणि मधोमध दिसले तरच ती रायफल तुमची. स्कोप ५० मीटर किंवा त्याहून जवळ पॅरॅलॅक्स जुळवता येणारा घ्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

जुन्या लॉटच्या काडतुसांची पन्नास-पन्नासची दोन खोकी माझ्याकडे अजून कुलुपात आहेत, आणि जुना स्कोपही आहे. तो तरुण म्हणतो, कधीही या, रायफल तुमचीच समजा, पॅड काढतो, तिन्ही गोष्टी एकेक करून तपासू. या गोष्टीला आता बराच काळ लोटला आहे. मी अजून गेलेले नाही.