आमची वाटचाल : शंभर सेकंद आणि चार पेन्या

न्यू जर्सीत एडिसनला आम्ही पॅराप्रोचा, म्हणजे शाळेत शिक्षकांच्या मदतनीस होऊ पाहणाऱ्यांच्या परीक्षेचा, वर्ग सुरू केला, तेव्हा इंग्रजी नीट बोलणाऱ्या बायकाही वाचनात का अडतात, हे कोडंच होतं. परीक्षा ९० प्रश्नांची, अडीच तासांची. वाचन, लेखन, गणित प्रत्येकी ३०. एका प्रश्नाला १०० सेकंद, आणि उतारा वाचणं त्यातच. म्हणून स्वयंपाकघरातला टायमर पहिल्या दिवसापासून टेबलावर असतो.

चुका ठरलेल्या. मुख्य कल्पना विचारली की उताऱ्यातला एखादा तपशील निवडायचा. जगात खरं आहे पण उताऱ्यात नाही, अशा पर्यायावर बोट ठेवायचं. शब्दार्थात ओळखीचा पहिला अर्थ धरायचा : ‘नॉव्हेल आयडिया’ म्हणजे नवी कल्पना, तिथे कादंबरी डोक्यात येते. उपाय साधा आहे. प्रश्न आधी वाचा, पर्याय झाका. उतारा वाचून उत्तर मनात मराठीत एका वाक्यात मांडा, मगच पर्याय उघडा. ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ दिसलं की उताऱ्यात तितकं ठाम विधान आहे का, ते शोधा. ‘हाउएव्हर’नंतरचं वाक्य दोनदा वाचा, लेखकाचं म्हणणं बहुधा तिथेच वळतं. हायलायटर दोन आठवडेच देतो, कारण परीक्षेत उतारा पडद्यावर असतो.

तिसऱ्या वर्षी वर्ग बंद पडायची वेळ आली. सुरुवातीपासून बरोबर असलेली भागीदार आम्ही मिळून लिहिलेली प्रश्नकार्डं घेऊन गेली आणि दोन गल्ल्यांपलीकडे ‘हमखास पास’ची पाटी लागली. दोनशे प्रश्नोत्तरं पाठ करा, एवढीच तिथली शिकवणी. सोळा जणींपैकी चौदा तिकडे गेल्या. परीक्षेत उतारा नवा असतो, तिथे पाठांतर काय कामाचं? हे आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो. राग अजून गेलेला नाही.

राहिलेल्या दोघींपैकी एक इचलकरंजीची, शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारी. तिच्यासाठी आठवड्याच्या दोन संध्याकाळी चालू ठेवल्या. उतारे तिला जमत. अडायची ती मुलाला वाचायला मदत कशी कराल, या प्रश्नांत. वाचनाचे साधारण एक तृतीयांश प्रश्न त्याच जातीचे. बाराखडीत वाढलेल्या माणसाला अक्षर म्हणजेच आवाज वाटतो, आणि इंग्रजी तिथेच फसवतं. आम्ही टेबलावर पेन्या, म्हणजे एक सेंटची नाणी, ठेवल्या, प्रत्येक ध्वनीला एक. ‘शिप’मध्ये अक्षरं चार, पेन्या तीन, कारण एस-एच मिळून एकच आवाज. ‘फॉक्स’मध्ये अक्षरं तीन, पेन्या चार, कारण एक्सच्या पोटात ‘क’ आणि ‘स’ दोन्ही. मग शब्द तोडणं : ‘अनहेल्पफुल’चे तीन तुकडे करून आधी मधला वाचायचा. तिसऱ्या आठवड्यात ती पेन्यांशिवाय मोजू लागली.

ती पास झाली आणि दोन नणंदांना घेऊन आली. पुढची बॅच त्यांच्यामुळेच भरली.

नव्याने वर्ग काढणाऱ्यांना एक सांगतो : पहिल्या तासाला सराव परीक्षा घेऊ नका. एकच उतारा द्या, पाच प्रश्न विचारा आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकीचा, हे लिहून घ्या. तासभर जातो, जाऊ द्या. शाळेतून घरी येणारी पत्रकंही उत्तम उतारे असतात, तीही वापरा.

मूळची कार्डं परत मिळाली नाहीत. आताची १२० आम्ही नव्याने लिहिली आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे चुकीच्या पर्यायांची कारणं आहेत.