रॉटवायलरचा परवाना: ‘ही जात बंद झालीय’ या एका वाक्याचे सात आठवडे

कुत्र्याचा परवाना काढायला लागतं तरी काय? रेबीजच्या लसीचा चालू दाखला, आधार, पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि फी. फीपेक्षा रिक्षाला जास्त पैसे जातात. लॅब्रडॉरवाले एका फेरीत मोकळे होतात. ‘जात’ या रकान्यात रॉटवायलर लिहिलं की गाडी अडते. माझी सात आठवडे अडली.

खिडकीवरचं उत्तर ठरलेलं: “ही जात बंद झालीय, वरून पत्र आलंय.” पत्र आलं होतं, हे खरंच आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना कळवलं होतं की पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, टोसा इनू वगैरे २३ जातींना स्थानिक संस्थांनी परवाने देऊ नयेत, पैदास आणि विक्री थांबवावी. पण पुढचं कुणी वाचलेलं नसतं. १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं आणि आठवड्याभरात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं, हा मुख्य आक्षेप. शिवाय आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांबद्दल त्या पत्रात एवढंच होतं की त्यांची नसबंदी करून घ्यावी. म्हणजे मूळ पत्र धरून चाललं तरी घरातला कुत्रा बेकायदा ठरत नव्हता.

मी पहिले दोन आठवडे मोबाइलवरची बातमी दाखवून वाद घालण्यात घालवले. ते करू नका. खिडकीवरच्या माणसाला बातमीवर सही करता येत नाही, त्याला कागद लागतो. न्यायालयाच्या संकेतस्थळावरून आदेशाची प्रत काढा, प्रकरण क्रमांक दिसेल असं पहिलं पान आणि निकालाचं शेवटचं पान अर्जाला जोडा.

खरा प्रश्न वेगळाच विचारायचा असतो: आपल्या महापालिकेचा स्वतःचा ठराव किंवा आयुक्तांचा आदेश आहे का? असू शकतो. गाझियाबाद महापालिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जातींवर स्वतःच बंदी घातली होती. तसा ठराव असेल तर दिल्लीतला निकाल दाखवून भागत नाही. नसेल, तर ‘वरून पत्र’ एवढ्यावर नकार टिकत नाही.

हे तोंडी विचारून काही होत नाही. अर्ज खिडकीवर परत घेऊच नका. आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. नकार देणार असाल तर कारणासह लेखी द्या, ही ओळ अर्जातच टाका. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ‘परवाना का देत नाही’ असं विचारू नका, ‘का’ला तिथे उत्तर मिळत नाही. ‘रॉटवायलर जातीस परवाना न देण्याबाबतच्या ठरावाची अथवा आदेशाची प्रत द्यावी’ एवढंच लिहा. मला तिसाव्या दिवशी (एकोणतिसाव्या नव्हे!) उत्तर आलं: ‘अभिलेख उपलब्ध नाही.’ ते एक पान घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवून ते दोनदा वाचलं, आणि सहीला दहा मिनिटं लागली नाहीत.

‘मिक्स लिहून टाका हो, कोण बघतंय’ हा सल्ला रांगेत हमखास मिळतो. लसीच्या पुस्तिकेत आणि मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या) नोंदीत जात लिहिलेली असते. उद्या कुत्रा कुणाला चावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली निष्काळजीपणाचा प्रश्न येतो. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा परवान्यावरची खोटी जात आपल्याच अंगाशी येईल.

लसीचं राहिलंच. ‘नाइन इन वन’ या एकत्रित लसीत सहसा रेबीजची लस नसते, आणि लोक नेमकं तेच पान जोडतात. रेबीजच्या लसीचं स्टिकर, बॅच क्रमांक, पुढच्या डोसची तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का, हे चारही एका पानावर हवेत. चिपचा क्रमांक पंधरा अंकी असतो. तो पुस्तिकेतून उतरवू नका, दवाखान्यात स्कॅनर फिरवून समोर दिसेल तो लिहा. आमच्या पुस्तिकेत एक शून्य कमी होता. फोटो बाजूने, चारही पाय दिसतील असा.

मझल (कुत्र्याच्या तोंडाला लावायची मुसकी) घेणार असाल तर जाळीचं घ्या. नायलॉनच्या पट्टीत तोंड आवळलं जातं, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि उन्हात तेच जिवावर बेतू शकतं.

सोसायटीच्या ना-हरकतीसाठी थांबू नका. प्राणी पाळायला बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने लेखी सांगितलेलं आहे. सचिवांना माहितीचं पत्र द्या आणि त्याची पोच जोडा.

परवाना वर्षभराचाच मिळाला. नूतनीकरणाच्या दिवशी रेबीजचा दाखला चालू असावा लागतो, म्हणून यंदा लस पंधरा दिवस आधीच टोचून घेणार आहे. आवक क्रमांकाची प्रत मात्र अजून फेकलेली नाही.