चोराची भूमिका आणि पुणेरी हुज्जत

आज कोथरूडला भाच्याकडे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळून आले. मोबाइल नाही, पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलावर कागद, पेन्सिली, चकल्यांची ताटली आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे रंगीत फासे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत आणलेला हा खेळ. एक जण सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "आता काय करताय?" आपण आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथेच वीस बाजूंचा फासा टाकायचा. त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे, सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला की काम फत्ते.

मला चोर केलं. (निवृत्त शिक्षिकेला!) किल्ल्याच्या दारात पहारेकरी. बाकीच्यांनी तलवारी काढल्या, मी मात्र "प्रवेशबंदीचा लेखी नियम दाखवा" म्हणून हुज्जत घालायला लागले. फासा पडला 13, अधिक 3, हवे होते 15. वैतागून सोडलं त्याने आत! भाचेसून म्हणाली, "मावशी, हे तुम्हाला शिकवावं लागलं नाही."

यात कुणी जिंकत नाही, हे पचायला जरा वेळ लागला. नवख्यांनी मात्र जाडजूड नियमपुस्तक आधी वाचत बसू नये. तयार पात्र घ्यावं आणि सरळ खेळायला बसावं.

आम्हाला अजून एक भिडू हवाय. मांत्रिकाची जागा रिकामी आहे. कर्वेनगर-कोथरूडकडचं कुणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा.