प्रमुख पाहुणे का नव्हते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा विषय मी टाळतेच. शनिवारी पुस्तकांच्या दुकानात कवितासंग्रहाचं जे प्रकाशन मी ठेवलं होतं, त्याला ना अध्यक्ष, ना प्रमुख पाहुणे, ना भाषणं. कवयित्रीनं पुस्तकावरचा कागद सोडला आणि ४० मिनिटं कविता वाचल्या. तेव्हापासून जो तो विचारतोय, ‘हे कसलं प्रकाशन?’ आधीच्या दोन कार्यक्रमांनंतरही हेच ऐकून घेतलंय.

मोठं नाव नसेल तर खुर्च्या रिकाम्या राहतात, असं पूर्वी मीच सांगत असे. ते खोटं नव्हतं. शनिवारीही निम्म्या रिकाम्याच होत्या.

पण सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. कवी आपल्यातलेच, साठी उलटल्यावरचा पहिला संग्रह. छपाईत १६ पानांचा एक गठ्ठा, म्हणजे फॉर्म, असे पाच, म्हणजे ८० पानं. त्यात बसवायला त्यांनी तीन कविता गाळल्या होत्या. वाचायच्या पाच कवितांच्या पानांत कागदाच्या पट्ट्या घालून ते बसले होते. पाहुणे उठले आणि स्वतःच्या उमेदीच्या काळाबद्दल बोलत राहिले. संग्रह त्यांच्या हातात होता, मिटलेला. वीसेक मिनिटांनी कवींनी एक पट्टी काढली, घडी घालून खिशात ठेवली. थोड्या वेळानं दुसरी. मी समोरून बघत होते. दुकान बंद व्हायची वेळ आली तेव्हा मी चिठ्ठी सरकवली: ‘सर, एकच घ्या.’ कवींना. ती पाहुण्यांना द्यायला हवी होती, पण माझी हिंमत झाली नाही. सरांनी चिठ्ठी वाचून मान हलवली, उरलेल्या तीन पट्ट्यांची पानं मागेपुढे केली आणि त्यातली सगळ्यात लहान कविता वाचली. आठ ओळी. टाळ्या संपायच्या आत आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. तेही मीच करत होते.

कविता आधी कानावर पडावी, एवढंच माझं मागणं आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरात, शेतात आधी ऐकली गेली. संग्रह निघाला १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर.

तरी एक कबूल करते. पुस्तक खरंच वाचून आलेला माणूस दहा मिनिटं बोलला तर ऐकणाऱ्याला कवितेत शिरायला वाट मिळते. एका भाषणाच्या रागात मी अशा माणसांनाही दार लावून घेतलं. शनिवारी सह्या देऊन झाल्यावर कवयित्री माझ्याजवळ आली. ‘ताई, छान झालं,’ म्हणाली. मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, ‘कुणीतरी पुस्तकाबद्दल दोन शब्द बोललं असतं तर…’

मी तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. काय बोलावं ते सुचलं नाही.